मधला शनिवार

१९९१ साली ईस्टर ३१ मार्चला आला होता. ही तारीख कुणाच्या लक्षात राहायचं तसं काही कारण नाही. माझ्या राहिली, कारण मी तेव्हा अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो आणि ३१ मार्च म्हणजे क्लोजिंग. रविवार असला तरी सगळ्यांनी यायचं, रात्री कितीही वाजोत, ताळेबंद जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा तो दिवस. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा साधारण नियम आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास घोटाळत राहतो. त्या वर्षी तर फारच जवळ आला. २९ मार्चला गुड फ्रायडे, ३० ला शनिवारी हनुमान जयंती आणि ३१ ला ईस्टर आणि क्लोजिंग, दोन्ही.

आमचे हेड कॅशियर ख्रिस्ती होते. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, म्हणून घराण्यालाच 'मास्तर' हे नाव चिकटलं होतं. हे स्वतः कधी खडूला शिवले नव्हते, तरी शाखेत ते मास्तरच. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला 'साहेब' म्हणायचे आणि मी कितीही सांगितलं तरी त्यात बदल होत नसे. त्या फेब्रुवारीत मनमाड रस्त्यावर त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा अपघातात गेला. एकुलता एक.

आम्ही सगळे भेटायला गेलो. अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच माणसं बोलतात. मीही बोललो. देवाला चांगली माणसं लवकर आवडतात, असलं काहीतरी. आपल्याकडे हे वाक्य इतक्या तोंडांतून गेलेलं आहे की आपण ते उच्चारतोय हेसुद्धा आपल्याला जाणवत नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, मग देवानं जरा कमी आवडून घ्यायचं." रागानं म्हणाले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. पुढे कितीतरी दिवस कॅशच्या पिंजऱ्यासमोरून जाताना मी नजर चुकवत असे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी आपणहून विचारलं, "शुक्रवारी बँक बंद आहे. उपासनेला याल का? बारा ते तीन." मी गेलो. थोडा अपराधी भावनेनं, थोडा कादंबरीकाराच्या चोरट्या कुतूहलानं. दोन्ही कबूल करायला हवं.

नगर हे मराठी ख्रिस्ती समाजाचं मोठं ठाणं. अमेरिकन मराठी मिशननं इथं १८३१ साली काम सुरू केलं. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यामुळे इथली ख्रिस्ती मराठी आपल्या साहित्यात आली. कानावर ओवी-अभंगाचे संस्कार झालेल्या माणसाला त्या देवळात परकं वाटत नाही. देवळात म्हणतो, कारण तिथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पेटी होती, तबला होता, बायका डोक्यावरून पदर घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. गुड फ्रायडेला त्यांचा शब्द 'उत्तम शुक्रवार'. ज्या दिवशी आपल्या प्रभूला खिळे ठोकून मारलं त्याला 'उत्तम' कसं म्हणायचं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

त्या तीन तासांत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार घेतात आणि एकेकावर एकेक जण उपदेश करतो. या प्रथेचा उगम थेट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरात सांगतात. १६८७ साली तिथं मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर आलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं ही तीन तासांची उपासना बसवली. तिथून ती युरोपात गेली, कॅथलिकांकडून प्रॉटेस्टंटांकडे गेली आणि कधीतरी आमच्या नगरला पोचली. स्पेनमधल्या कादिथ शहरातल्या अशाच उपासनेसाठी हायडन या थोर संगीतकारानं १७८६-८७ च्या सुमारास सात उद्गारांवर रचना केली. प्रत्येक उपदेशानंतर एक. नगरला त्या जागी भजन होतं.

पहिले तीन उपदेश ठीक होते. क्षमा, शेजारच्या चोराला दिलेलं आश्वासन, आईची सोय. एक निवृत्त हेडमास्तर बोलले, एक डॉक्टर, एक बाई. बाई चांगल्या बोलल्या, हेडमास्तर लांबले. चौथा उद्गार आला तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त पाळकसाहेब काठी टेकत पुढे आले.

हा चौथा उद्गार सगळ्यांत अवघड. देवानं आपल्याला का टाकलं, असा तो प्रश्न आहे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरचा हा एकच उद्गार आहे. उरलेले सहा लूक आणि योहान यांच्याकडचे. शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली, पण एवढं वाक्य लिहिणाऱ्यांनी येशूच्या बोलीतच ठेवलं आणि पुढे अर्थ दिला. ठेच लागल्यावर आपल्या तोंडून 'आई गं' येतं ते जसं भाषांतरित होत नाही, तसं काहीसं असावं. ही खरं म्हणजे बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे, म्हणजे लहानपणी पाठ केलेली प्रार्थना. त्या स्तोत्राचा शेवट देवाच्या स्तुतीत होतो. त्यामुळे बरेच उपदेशक इथं एक पळवाट काढतात: येशूच्या मनात तो शेवटच होता, निराशा वरवरची होती.

पाळकसाहेबांनी ती पळवाट घेतली नाही. माझ्या आठवणीप्रमाणे ते म्हणाले, "स्तोत्राचा शेवट गोड आहे, मला पाठ आहे, तुम्हालाही आहे. पण त्याला शेवटपर्यंत पोचू तरी द्या. त्याचा दम पहिल्याच ओळीला संपला. त्यानं विचारलं आणि वरून उत्तर आलं नाही. शुभवर्तमानात उत्तर लिहिलेलं नाही, मी कुठून देऊ? आज आपण तिथंच थांबू." आणि ते खरंच थांबले. सात-आठ मिनिटं झाली असतील. पेटीवाल्याला वाटलं अजून काही येणार आहे, त्यानं भाता धरून ठेवला होता. त्या शांततेत पुढच्या बाकावरच्या मास्तरांची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अर्धा दिवस बँक होती. बाहेर हनुमान जयंतीचे ढोल, आत क्लोजिंगच्या आदल्या दिवशीची झुंबड. मास्तर नोटा मोजत होते. ते मोजायला लागले की बघत राहावं. मी पिंजऱ्याजवळ जाऊन म्हणालो, "काल पाळकसाहेब फार थोडं बोलले." मास्तर गड्डीला पट्टी लावत म्हणाले, "त्यांनी माझ्या पोराचं नाव घेतलं नाही. उपकार केले."

हा मधला शनिवार मला पुढे फार विचार करायला लावून गेला. शुक्रवारवर हजारो प्रवचनं आहेत, रविवारवर त्याहून जास्त. शनिवारी कुणी बोलत नाही. शुभवर्तमानांत त्या दिवसाबद्दल जेमतेम एक-दोन वाक्यं आहेत: शब्बाथ होता म्हणून बायकांनी विसावा घेतला, आणि कबरीवर पहारा बसला. बस. ज्याचं माणूस गेलं आहे तो मात्र याच दिवसात राहत असतो. त्याला शुक्रवार होऊन गेलेला असतो आणि रविवारची खात्री नसते. भेटायला येणारे आपण सगळे त्याला ओढून रविवारात न्यायला बघतो.

त्यानंतर मी प्रवचनं वाचायला लागलो. रद्दीच्या दुकानांत, फुटपाथवर, कुठे कुठे मिळाली तशी. बरीचशी कंटाळवाणी असतात, सगळ्याच धर्मांची. दुःखाचं कारण सांगू पाहणारी तर वाईटच. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना छतं कोसळली. त्यावर मालाग्रीदा या धर्मगुरूनं पुस्तिका काढून सांगितलं की हा शहराच्या पापांबद्दलचा देवाचा कोप आहे. आपल्याकडेही १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला होता. एवढा मोठा माणूस, एवढा चांगला हेतू, तरी कारण सांगायचा मोह सुटला नाही. मग मी मास्तरांच्या ओट्यावर बसून जे बोललो त्यात नवल काय?

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत हे फार छान आलं आहे. त्याची मुलं मरतात, गुरंढोरं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तोवर सगळं ठीक असतं. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात, देवाची बाजू मांडू लागतात, तू काहीतरी केलं असशील म्हणू लागतात. शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. आपल्या तुकोबांचं घर दुष्काळानं असंच मोडलं आणि तेही विठ्ठलाशी कडाकडा भांडले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं टिळक म्हणत. त्याचं एक कारण हे भांडणही असेल, असं मला वाटतं.

चांगली प्रवचनं सापडली ती बहुधा स्वतः शनिवारात बसलेल्या माणसांची. विल्यम स्लोन कॉफिन हा न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चचा पाळक. जानेवारी १९८३ मध्ये त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा मोटारीसकट बॉस्टनच्या बंदरात पाण्यात पडून गेला. नंतरच्या दहा-बारा दिवसांतच हा बाप प्रवचनाला उभा राहिला. सांत्वनाला आलेली एक बाई देवाच्या इच्छेबद्दल काही बोलली तेव्हा आपण तिच्यावर कसे भडकलो, हे त्यानं व्यासपीठावरून सांगितलं. मुलगा गेला ही देवाची इच्छा नव्हतीच, लाटा मोटारीवर मिटल्या तेव्हा सगळ्यांत आधी देवाचंच काळीज फुटलं, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. ते वाचलं आणि मला मास्तरांचं ते 'जरा कमी आवडून घ्यायचं' आठवलं.

दुसरा जॉन डन. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो कवी म्हणून माहीत असतो, पण तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन होता आणि त्याची प्रवचनं ऐकायला गर्दी लोटत असे. २५ फेब्रुवारी १६३१ रोजी त्यानं राजा पहिला चार्ल्स याच्यासमोर शेवटचं प्रवचन दिलं. दुखण्यानं त्याची हाडं निघाली होती. विषय मृत्यूचाच. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा स्वतःच्याच अंत्यविधीचं प्रवचन करतोय. मग घरी जाऊन त्यानं स्वतःला कफनात गुंडाळून घेऊन चित्र काढवलं. ३१ मार्चला तो वारला. क्लोजिंगच्या दिवशी, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. त्या चित्रावरून केलेला संगमरवरी पुतळा १६६६ च्या आगीतून वाचला, तो आजही सेंट पॉल्समध्ये आहे.

आणि बॉनहोफर. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक. १९४५ चा ईस्टर १ एप्रिलला होता. त्यानंतरच्या रविवारी, ८ एप्रिलला, बव्हेरियातल्या शोनबर्ग गावी एका शाळेत कोंडलेल्या कैद्यांनी त्याला उपासना घ्यायची विनंती केली. तो कचरला. कैद्यांत बरेचसे कॅथलिक होते आणि कोकोरिन नावाचा एक रशियन तरुण, मोलोटोव्हच्या नात्यातला, देव न मानणारा. त्याच्यावर लादल्यासारखं होऊ नये, अशी बॉनहोफरची काळजी. मरणाच्या दारात एवढी सभ्यता! कोकोरिनच म्हणाला, घ्या उपासना. वचनं होती दोन: आपल्या जखमांनी दुसऱ्यांना बरं करणाऱ्या सेवकाबद्दलचं यशयाचं, आणि पुनरुत्थानातून मिळालेल्या आशेबद्दलचं पेत्राचं. म्हणजे शुक्रवार आणि रविवार एकाच दमात. प्रवचनाचे शब्द कुणी टिपले नाहीत. शेवटची प्रार्थना होते न होते तोच दार उघडून दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं. हे सगळं आपल्याला कळलं ते त्याच्याबरोबर कैदेत असलेल्या पेन बेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यामुळे.

या सगळ्यांपेक्षा वेगळं, नुसतं आनंदाचं एक प्रवचन आहे. ते जॉन क्रिसोस्टमच्या नावावर आहे. क्रिसोस्टम म्हणजे सुवर्णमुखी. कॉन्स्टँटिनोपलचा हा आर्चबिशप ४०७ साली हद्दपारीत वारला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ईस्टरच्या रात्री हेच जुनं प्रवचन वाचतात. काही मिनिटांत संपतं. सार एवढंच: पहाटेपासून राबलेला या, अकराव्या तासाला उगवलेला या, उपास केलेला या, न केलेलाही या, पान सगळ्यांना वाढलेलं आहे. आम्हा बँकवाल्यांच्या हिशोबात हे बसत नाही. उशिरा जमा केलेल्या पैशावर पूर्ण मुदतीचं व्याज कोण देईल? पण वाचताना बरं वाटतं खरं.

आता ३१ मार्चकडे येतो. त्या मंडळीची ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होत असे. कबरी धुवून, फुलं ठेवून, मेणबत्त्या लावून सूर्योदयाच्या आधी सगळे जमायचे. मास्तर तिथून आठ वाजता थेट बँकेत आले. चपलांना ओली माती होती. मी उपासनेबद्दल विचारलं. म्हणाले, पाळकसाहेब पुन्हा बोलले. मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखितं कुठे संपतात ते त्यांनी सांगितलं. बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीशी गेल्या, कबर रिकामी, 'तो उठला आहे' असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्या भिऊन पळाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. तिथंच संपतं. "ते खरं वाटलं बघा, साहेब," मास्तर म्हणाले. "लगेच नाचायला लागल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. आणि एक म्हणाले ते. तो उठला तरी हाताच्या जखमा बुजल्या नव्हत्या. थोमाला त्याच दाखवल्या." एवढं बोलून त्यांनी तिजोरीची किल्ली मागितली.

कॅश नऊ वाजेपर्यंत पैशाला पैसा जुळली. ती नेहमीच जुळे. बचत खात्यांची लेजर मात्र नव्वद रुपयांनी अडली. नवानं भाग जाणारा फरक म्हणजे कुठंतरी आकड्यांची अदलाबदल, हे आमचं जुनं शास्त्र. म्हणून सगळे पानं उलटत बसलो. त्या काळी व्याजसुद्धा हातानंच लावायचं. उलटता उलटता माझ्यासमोर एक खातं आलं. अज्ञान मुलाचं, पालक म्हणून वडील. शिल्लक दोनशे बारा रुपये. व्याज लावायचं राहिलं होतं. लेजर कारकुनानं पान पाहिलं असणार आणि पेन उचलवलं नसणार.

क्लोजिंगला एखादी रक्कम कुठे टाकावी ते कळेना तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. जुन्या मराठीत उचंत खातं. तपासनीसांना ते आवडत नाही, सारखे विचारत राहतात, ही नोंद कधी काढणार. पण खरी जागा सापडेपर्यंत खोट्या खात्यात टाकण्यापेक्षा ते बरं असतं. हे मला त्या रात्री सुचलेलं नाही, पुष्कळ नंतरचं आहे. त्या रात्री मी नुसता पान उघडं ठेवून बसलो होतो. मास्तर चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांनी नाव वाचलं.

"लावा, साहेब," ते म्हणाले. "नियमात बसतंय ना?"

नियमात बसत होतं. मी पाच रुपये आणि वर काही पैसे लिहिले. त्यांनी शेजारी बसून बेरीज तपासली. नव्वदचा फरक पहाटे दीडला दुसऱ्याच पानावर सापडला.

पुढे माझी बदली झाली, मास्तर निवृत्त झाले. नाताळला त्यांचं कार्ड यायचं, दिवाळीला माझं जायचं. २०१४ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. पुण्याच्या घरी माणसांची रीघ होती आणि प्रत्येकाकडे एक वाक्य होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मास्तर आले. नगरहून, एसटीनं, एकटे, भिजलेले. पंचाहत्तरीच्या घरात होते. माझ्याजवळ सतरंजीवर बसले. दोन तास बसले. चहा घेतला, साखर कमी आहे का हे बायकोनं विचारलं तेव्हा मान हलवली. बाकी काही बोलले नाहीत. मीही नाही.

उठल्यावर मी त्यांना शिवाजीनगरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेलो. नगरची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ जागा मिळाली तसा त्यांनी हात बाहेर काढला आणि "सलाम, साहेब" म्हणाले. मी म्हणालो, "सलाम, मास्तर." गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती. मी खाली उभा राहिलो.